पुढची गाडी कितीची?

"पनवेलला कोणी येत नाही, मॅडम. पनवेलवरून जातात."

भाड्याची खोली बघायला गेले त्या दिवशी आमच्या घरमालकांनी मला ऐकवलेलं हे वाक्य. पण सुरुवात झाली प्रश्नाने. मी दारात चपला काढत होते, तोवर त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "पुढची गाडी कितीची?"

मला वाटलं, गृहस्थ मला कटवतोय. मी म्हटलं, "काका, मी राहायला आलेय. विमा कंपनीत आहे, पुण्याहून बदली झालीय."

"ते कळलं. पण इथून पुढची बदली कधी?"

"साधारण तीन वर्षांनी होते."

"म्हणजे तीन वर्षांचा हॉल्ट," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. डिपॉझिट, लाईटबिल, रात्री किती वाजता दार बंद होतं, असली किरकोळ बोलणी मागून काकूंनी केली.

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी पनवेलच्या स्टँडवर, माइकसमोर. अलिबागच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या, गोव्याच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर रवाना केल्या आणि स्वतः मात्र कुठे गेले नाहीत. सासुरवाडी चिरनेरला, तेवढाच काय तो लांबचा प्रवास. गोव्याच्या वाटेवर कर्नाळ्यापर्यंत पोचले होते, तेही शाळेच्या सहलीत. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, पण आवाज सुटला नाही. सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते मला हाक मारायचे, ती अशी: "वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी लक्ष द्यावे. नळाचे पाणी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सुटेल व सात वाजता बंद होईल. धन्यवाद." सुरुवातीला मी दचकून उठायचे. पुढे पुढे त्या धन्यवादशिवाय मला जागच येईना.

त्यांच्या दोन मराठी होत्या. एक ही माइकची, घडी घातलेल्या कपड्यासारखी. ती परक्यांसाठी, म्हणजे प्रवासी, पोस्टमन, डॉक्टर आणि मी. दुसरी घरची. काकूंशी, बाजारातल्या बायकांशी ते आपल्या आगरी वळणाने बोलायचे, "नाय गो", "कवा आलास", "आमी नाय येत". दोन्हींमधून ते एका वाक्यात ये-जा करायचे. "मॅडम, आपण कृपया दोन मिनिटं थांबावे," मला म्हणायचे आणि मान वळवून आत ओरडायचे, "चा टाकलास काय गो?" मला मात्र ती दुसरी मराठी कधी मिळाली नाही. तीन वर्षं मी मॅडमच राहिले. याचं मला थोडं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तर, निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, भजनाला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. काकांनी पनवेलचा बाजार दाखवायला घेतला.

रोज सकाळी नऊला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टँडवर जायचे. फलाटावर एका खांबाला टेकून उभे राहायचे आणि माणसं न्याहाळायचे. घड्याळाकडे सारखं बघणारा माणूस कामाचा नाही. मोबाईलमध्ये डोकं घातलेला तर नाहीच. जांभई देणारा, बॅगेवर बसलेला, दुसऱ्यांदा चहा प्यावा की नाही या विचारात पडलेला माणूस दिसला की काका पुढे व्हायचे. "नमस्कार. पुढची गाडी कितीची?" त्याने तासाभराची वेळ सांगितली की काकांचा चेहरा उजळायचा. "मग चला. पंचेचाळीस मिनिटांत पनवेलचा बाजार दाखवतो. गाडीच्या दहा मिनिटं आधी याच खांबापाशी आणून सोडतो. पैसे नाहीत."

या शेवटच्या दोन शब्दांनी निम्मी माणसं गळायची. फुकट म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी पाकीट चाचपतो. पुण्याच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी तर चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "काय विकायचंय तुम्हाला?"

"पनवेल," काका म्हणाले होते.

ते गृहस्थ माझ्याच गावचे निघाले याचा काकांनी मला तीन वर्षं टोमणा मारला.

पण येणारी माणसं यायची. आणि एकदा निघाले की काका चालायचे नाहीत, सुटायचे. उड्डाणपुलाखालून आत, रिक्षांमधून वाट काढत, मागे वळून न बघता. पाहुण्याने फक्त तो पांढरा शर्ट धरून ठेवायचा. त्यांचे नियम ठरलेले होते. मांडीवर मावेल तेवढंच घ्यायचं. भाव करायचा नाही, कारण त्यात वेळ जातो. वाजवी भाव लावायचा हे त्यांनी बायकांना आधीच बजावून ठेवलेलं असायचं. आणि बसायचं नाही. कुठेही, कितीही दमलं तरी बसायचं नाही, कारण "बसला तो चुकला." ते स्वतःही बाजारात कधी बसत नसत. कापडाच्या दुकानदाराने गादीवर या म्हटलं तरी उभ्यानेच पाणी प्यायचे.

पहिला थांबा मसाल्याच्या गल्लीचा. तिथे पाहुण्याला शिंक यायची आणि ती आली की काका घड्याळ बघून म्हणायचे, "बरोबर सहा मिनिटं." मग बांगड्यांची दुकानं, तांब्यापितळेची, मग पोहे आणि तांदूळ. मग एका लोखंडी सामानाच्या दुकानापाशी ते थबकायचे. त्या दुकानाच्या कडेला भिंतीला टेकवलेलं एक जुनं लाकडी बैलगाडीचं चाक होतं, लोखंडी धाव सुटलेलं. "एके काळी पनवेलची चाकं लांब लांब जायची," काका त्यावर हात ठेवून सांगायचे. "आम्ही सगळ्यांना चाकं करून दिली. म्हणून इथं कोणी थांबत नाही." हे वाक्य ते दरवेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचे.

शेवटचा थांबा मासळीचा. तिथे उरणकडची एक कोळीण बसायची, पुढ्यात ओली मासळी आणि शेजारी सुकट, जवळा, बोंबील, सोडे. बाई नाकात ठसठशीत नथ घालून कोयत्यावर सुरमई अशी कापायची की बघणारा मासे न खाणारा असला तरी दोन मिनिटं हलत नसे. ती काकांना कंट्रोलर म्हणायची. सगळा बाजारच म्हणायचा.

"कंट्रोलर, तुजी मानसं सुकट हुंगतात नि जातात. घेत कोन नाय."

"हुंगू दे गो. वास नेतात ना संगती."

"वासाचं काय लोनचं घालू?"

मग पाहुणा हसायचा, थोडा जवळा घ्यायचा, आणि काका त्याला आल्या वेगाने परत स्टँडवर नेऊन गाडीत बसवायचे. इतक्या वर्षांत काकांच्या पाहुण्याची गाडी एकदाही चुकली नव्हती. गाडी हलताना पाहुणा खिडकीतून हात काढून म्हणायचा, "काका, मस्त! पुढच्या वेळी मुद्दाम येतो!"

काका हात हलवायचे आणि पुटपुटायचे, "सगळे म्हणतात."

त्यांना नेमकं काय हवंय हे मला एका संध्याकाळी कळलं. आमचे मॅनेजर सहकुटुंब बँकॉकला जाऊन आले होते आणि त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर बाजाराचे शेकडो फोटो टाकले होते. मी ते काकांना दाखवले. कुठला रात्रीचा बाजार, कुठला पाण्यातल्या होड्यांवरचा, कुठे गल्ल्यांना नंबर दिलेले, हातात नकाशे घेऊन हिंडणारे गोरे लोक. काकांनी माझा मोबाईल अगदी नाकाजवळ धरला.

"हे लोक तिथं कुठून येतात?"

"जगभरातून. विमानाने."

"देवदर्शनाला आलेले असतील. जाता जाता बाजार."

"नाही काका. बाजार बघायलाच."

"नुसता बाजार?"

"नुसता बाजार."

ते एक फोटो मोठा करून बघत राहिले. त्यात एक म्हातारी सुकी मासळी विकत होती आणि दोन परदेशी पोरी तिच्यापुढे उकिडव्या बसल्या होत्या. "ही बोंबील नीट वाळवत नाही," ते शेवटी म्हणाले. "आपले चांगले असतात." आणि मोबाईल परत देत माइकच्या मराठीत, पण हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला गर्दी नको. एकच माणूस पुरे. त्यानं घरातून निघताना म्हणायला पाहिजे, मी पनवेलला चाललो. पुढं कुठं नाही. पनवेल. एवढा एक माणूस बघायचा आहे मला."

आतून काकू म्हणाल्या, "पोळ्यो थंड होतात. त्यो मानूस काय आज येत नाय."

मी मोठ्याने हसले. काका हसले नाहीत.

आता पळस्प्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण काका म्हटलं की मला आधी तीच आठवते.

मिरगाच्या आधी-मागे आमच्या बाजारात डोंगरातल्या ठाकर बायका शेवळं घेऊन येतात. कणसासारखी दिसणारी, जांभळट तपकिरी रानभाजी. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते आणि सोडे घालून केली तर माणूस जेवताना बोलत नाही. मात्र तिच्यात एक खोड आहे. तशीच शिजवली तर घसा असा खाजतो की पाणी पिऊनही थांबत नाही. त्यावर उतारा म्हणजे काकडं, आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. म्हणून शेवळं विकणारी बाई काकडांची मूठ सोबत बांधून देतेच. घेणारा मागत नाही, देणारी सांगत नाही. पनवेलात हे सांगायची गरजच कोणाला पडत नाही, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

एका शनिवारी काकांना कोल्हापूरचं एक जोडपं मिळालं. मुलीकडे वसईला जाऊन परत निघालेलं. बाई निवृत्त शिक्षिका, उंच, बोलक्या. त्यांचे यजमान स्टँडवर बॅगा राखत बसले आणि बाई काकांबरोबर निघाल्या. मला सुट्टी होती, मीही मागे गेले. इतकी तल्लख पाहुणी काकांना कधी मिळाली नसेल. मसाल्याच्या गल्लीत त्या शिंकल्या नाहीत, उलट कुठली मिरची कुठली ते ओळखून दाखवलं. चाकाचं वाक्य ऐकून म्हणाल्या, "थांबत न्हाईत तर न्हाईत, पण चाक लई देखणं आहे बघा." काका इतके खूश झाले की दोन मिनिटं उशीर झालेला त्यांच्या ध्यानात आला नाही. शेवळं बघून बाईंनी विचारलं, "हे काय असतं?" आणि काकांनी त्या भाजीचं असं काही वर्णन केलं की बाईंनी दोन जुड्या घेतल्या. हात भरलेले, म्हणून काकडांची पुडी काकांनी आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग घड्याळ बघितलं, "मॅडम, पळा!" म्हणाले, आणि आम्ही तिघं अक्षरशः पळत स्टँडवर पोचलो. गाडी सुटतच होती, यजमान बॅगांसकट आत बसलेले. बाई चढल्या, हात हलला, गाडी गेली.

घरी आल्यावर काका चष्मा काढायला खिशात हात घालतात तर हातात काकडं.

मी माणसाचा चेहरा इतका पडलेला फार थोड्या वेळा बघितलाय. काकू म्हणाल्या, "काय झाला?" काकांनी पुडी दाखवली. काकूंनीही कपाळाला हात लावला. "आता त्या बाईला कोन सांगल?"

"गाडी काढा," काका मला म्हणाले.

"काका, भाजी आहे ती. जरा घसा खवखवेल..."

"मॅडम, कृपया गाडी काढा."

मी स्कूटर काढली. दुसरं हेल्मेट दिलं, ते त्यांनी डोक्यात घातलंच नाही. मांडीवर उलटं धरलं आणि त्यात काकडांची पुडी ठेवली. मी म्हटलं, "काका, पोलीस धरतील." ते म्हणाले, "पळस्प्याला ट्रॅफिक असते. शनिवार आहे. मिळेल." आयुष्यभर गाड्या वेळेवर जाव्यात म्हणून झटलेला माणूस मागे बसून देवाजवळ ट्रॅफिक जाम मागत होता.

आणि जाम होता. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता वेगळा होतो तिथे शनिवारची सगळी मुंबई अडकून पडली होती. मी स्कूटर कडेला लावेपर्यंत काका गाड्यांच्या मधून निघालेसुद्धा. हातात हेल्मेट, मान वर, एकेक लाल गाडीच्या काचेवरची पाटी वाचत. शेवटी कोल्हापूरची गाडी सापडली. दार ठोठावलं. कंडक्टरने ओळखलं, "साहेब, तुम्ही?" म्हणत दार उघडलं.

मी धापा टाकत मागून चढले. दुसरा कोणी पुडी देऊन उतरला असता. काका पुढच्या सीटशी वळून उभे राहिले, घसा साफ केला आणि गाडीभर घुमेल अशा आवाजात सुरू झाले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. पनवेल बाजारातून शेवळं घेतलेल्या बाईंनी नोंद घ्यावी. आपली काकडं पनवेल येथे राहिली होती. शेवळं साफ करताना आतला पिवळा भाग काढून टाकावा. काकडं ठेचून रस काढावा व भाजीत घालावा. काकडांशिवाय भाजी करू नये. घसा खाजतो. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. धन्यवाद."

एका क्षणात गाडीतले सगळे जागे झाले. मागून कोणीतरी विचारलं, "सोडे केव्हा घालायचे?" काकांनी तेही सांगितलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण पुढची रांग हलली होती.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "अहो, भाजी ती काय! खाजला असता घसा तर खाजला असता. त्यापायी एवढं लांब आलासा?"

"तुम्ही भाजीला नावं ठेवली नसती, बाई," काका म्हणाले. "पनवेलला ठेवली असती."

बाईंनी पुडी दोन्ही हातांत घेतली. त्यांचा आवाज बदलला होता. "पुढच्या वर्षी मुद्दाम येतो बघा. दुसरीकडं कुठं न्हाई. तुमच्या पनवेललाच येतो."

परतताना घराच्या गल्लीत वळलो तेव्हा काका मागच्या सीटवरून म्हणाले, "सगळे म्हणतात. पण या बाई येतील."

त्या बाई आल्या नाहीत.

पुढल्या वर्षी शेवळं आली, तेव्हा काका खिशात काकडांची पुडी ठेवून कोल्हापूरच्या प्रत्येक गाडीला जाऊन उभे राहिले. उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे. मी चिडवायचे, "काका, आल्या का तुमच्या बाई?" ते म्हणायचे, "कोल्हापूर लांब आहे." त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. चिडवण्यात मजा होती तोवर मी चिडवलं. मग एक दिवस ते दुपारी घरी आले, पुडीतली सुकलेली काकडं काकूंच्या पुढ्यात ठेवली आणि न जेवता झोपले. त्यानंतर मी चिडवणं बंद केलं.

आणखीही एक गोष्ट होत होती. स्टँडवर जांभया देणारी माणसंच कमी होत होती. लोक आपापल्या गाड्यांनी द्रुतगती मार्गावरून परस्पर जायचे, नाहीतर त्या समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून. पनवेल खाली राहायचं. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना नव्या विमानतळाकडे उतरणारं एक विमान अगदी खालून गेलं. मी म्हटलं, "काका, आता बघा, परदेशी पाहुणे येतील तुमच्याकडे!" काकांनी ते दिसेनासं होईपर्यंत मान वाकडी करून पाहिलं. "पुढची गाडी कितीची, ते विचारायला तिथं आत सोडतात का?" त्यांनी विचारलं. ते गंमत करत नव्हते.

माझा तीन वर्षांचा हॉल्ट संपला. पुण्याला बदली झाली. निघताना काकूंनी सुकटीची पिशवी दिली, तिचा वास आमच्या सोसायटीत आठवडाभर राहिला. काका मला गाडीत बसवायला आले. दहा मिनिटं आधीच. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून हात काढून म्हणाले, "काका, मुद्दाम येईन!"

त्यांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण मला ते शब्द पाठ होते.

आणि मी गेले नाही. कोल्हापूर लांब आहे, मान्य. पुणं कुठे लांब आहे? त्यानंतरच्या दोन वर्षांत मी पनवेलवरून किती वेळा गेले याचा हिशेब मी मुद्दामच करत नाही. मुंबईला मीटिंग, अलिबागला मैत्रिणींची सहल, मावसबहिणीचं लग्न. दरवेळी फाटा दिसला की वाटायचं, उतरावं. मग वाटायचं, पुढच्या वेळी. त्या पुण्याच्या चष्मेवाल्या गृहस्थांना मी इतके दिवस हसत आले. ते निदान येतो म्हणाले तरी नव्हते.

यंदा जूनच्या सुरुवातीला आमच्या भाजीवाल्याकडे कसली तरी जांभळट जुडी दिसली. शेवळं नव्हती, केळफुलाचा तुकडा होता. पण मला तिथे उभ्या उभ्या इतकी लाज वाटली की मी भाजी न घेताच घरी आले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कंडक्टरला म्हटलं, "एक पनवेल." तो म्हणाला, "पुढं कुठं जायचंय? हीच गाडी जाते पुढं." मी म्हटलं, "पुढे कुठे नाही." हे वाक्य म्हणताना मला उगीचच शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

काका खांबाशी होते. शर्ट पांढराच, खांदे थोडे उतरलेले. मला बघून तोंडभर हसले, आणि सवयीने मनगट वर गेलं.

"या मॅडम! पुढची गाडी कितीची?"

"पुढची गाडी नाही."

"कोणी घ्यायला येणार आहे?"

"नाही."

"मग कोणाचं लग्न?"

"काका, पनवेललाच आलेय. घरातून सांगून निघाले, पनवेलला चाललेय म्हणून. बाजार बघायचाय."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घड्याळाकडे. मग ते सुटले. मी पांढऱ्या शर्टामागे पळत होते. मसाल्याच्या गल्लीत मी शिंकले, "बरोबर सहा मिनिटं" झाली. बांगड्या, तांबं, पोहे. चाक अजून तिथेच टेकलेलं होतं. त्यावर हात ठेवून ते नेहमीचं वाक्य म्हणायला गेले आणि "म्हणून इथं कोणी" एवढं म्हणून थांबले. पुढे चालू लागले. शेवळं घेतली, काकडं घेतली, या वेळी पुडी माझ्या हातात दिली. असं करत कोळणीपाशी पोचलो. तिथे ते वळून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा एकदम गोंधळला. इथून ते पाहुण्याला स्टँडवर नेत. पंचेचाळीस मिनिटं संपत आली होती आणि मला न्यायचं कुठेच नव्हतं.

"मंग आता काय दाखवू गो तुला?" ते म्हणाले. "आमाला तेवढाच येतं."

तीन वर्षं भाडं भरून जे मिळालं नव्हतं, ते मला मासळीबाजारात उभ्या उभ्या मिळालं. मी म्हटलं, "काही दाखवू नका काका. बसू या जरा."

कोळणीने कोयता थांबवला. तिने दोन रिकामे क्रेट पालथे घातले, वरून हाताने पाणी निपटलं. काकांनी एकदा घड्याळ बघितलं. मग ते हळूच, पाय दुखणाऱ्या माणसासारखे, क्रेटवर बसले. शेजारच्या बायका माना वळवून बघू लागल्या.

"कंट्रोलर, आज बसलास?" कोळीण म्हणाली. "गाडी चुकली काय?"

"गाडीच नाय," काका म्हणाले.

मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी काकूंना फोन लावला. शेवळं आणतोय, सोडे भिजत घाल, जेवायला पाहुणी हाय. पलीकडून काकूंनी काहीतरी विचारलं. काय विचारलं असणार ते मला न ऐकताच कळलं. काकांनी उत्तर दिलं. काकूंना पटलं नसावं, त्यांनी परत विचारलं. काकांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी मान ताठ केली, घसा साफ केला, आणि फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात, पण आपल्या घरच्या भाषेत, सबंध मासळीबाजाराला सांगितलं.

"नाय गो, पुढं कुठं नाय जायाची. हितंच आलीय!"